कुंदा बोलू लागली

भातकुलीच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे चारुशीलेला तिथं राहायला गेल्यावर कळलं. पहिल्या दिवशी तिनं सकाळपासून तूर चुलीवर ठेवली होती. दुपार झाली तरी दाणा बोटात दाबला तर टणकच. शेजारच्या भागीरथाबाईंनी कुडावरून वाकून पाहिलं.

"खारं पानी हाय बाई इकडचं," त्या म्हणाल्या. "सैपाकाले गोडं पानी आनाव लागते. उद्यापासून माह्यासंगं चाला."

एकोणीसशे एकसष्टचा चैत्र होता तो. चारुशीलेचे यजमान चिंतामण दामले शेतकी खात्यात कारकून. चिपळूणहून त्यांची बदली झाली ती थेट वऱ्हाडात. सामान म्हणजे दोन ट्रंका, एक पाटा आणि नारळाचं पोतं. माणसं तीन: नवरा, बायको आणि पाच वर्षांची कुंदा.

घर धाब्याचं होतं. मातीच्या जाड भिंती, वर मातीचंच सपाट छत, आणि एकापाठोपाठ एक अशा तीन खोल्या. मधल्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून तीच सर्वांत थंड. परसात ती खाऱ्या पाण्याची विहीर, गुडघ्याएवढ्या कठड्याची. घरमालक रामराव अमरावतीला राहायचे. त्यांनी किल्ली देताना एवढंच सांगितलं होतं, की घर चारपाच वर्षं बंद आहे, तेव्हा एकदा सारवून घ्या.

कुंदा बोलत नव्हती. जन्मल्यापासून एक शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. कान उत्तम, सांगितलेलं सगळं समजे. पुण्याच्या डॉक्टरांनी घसा तपासून काही दोष नाही म्हणून सांगितलं होतं. चारुशीला तिच्याशी दिवसभर बोलत राही. भांडी घासताना, केस विंचरताना, निजवताना. आपलं माहेर गुहागरचं, तिथं समुद्र कसा वाजतो, पोफळीची सावली कशी पडते, सगळं सांगे. मुलगी ऐके आणि तोंडाकडे बघत राही. या बोलण्याला उत्तर येणार नाही, याची चारुशीलेला सवय झाली होती.

वैशाखात गाव दुपारी अकरालाच दारं लावून घेई. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. पांढरं ऊन, तापलेल्या मातीचा वास, आणि मधूनच पत्र्यावर आपटणारी गरम वाऱ्याची झळ. अशाच एका दुपारी चारुशीला स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. कुंदा मधल्या खोलीतून आली, समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मले पानी दे."

सूप तिच्या हातून सुटलं. तांदूळ जमिनीभर झाला.

चिंतामणराव संध्याकाळी आले तेव्हा चारुशीला दारातच उभी होती. कुंदानं त्यांच्यासमोरही पाणी मागितलं, आणि नंतर "कंदील लाव," असंही म्हणाली. त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं. मग त्यांनी चिपळूणला पत्र लिहायला घेतलं.

रोज दोनचार शब्द वाढत होते. सगळे वऱ्हाडी. काहून, कुठी, तुले, मले. चारुशीलेला त्याचं हसू येई. आठ दिवसांनी गोडं पाणी आणायला जाताना ती भागीरथाबाईंना म्हणाली, "तुमचे फार उपकार झाले. तुम्ही शिकवलंत म्हणून बोलायला लागली."

भागीरथाबाईंनी डोक्यावरचा पाण्याचा गुंड खाली उतरवला. "म्या? मी कवा शिकवलं बाई? माह्या म्होरं तं तुमची पोरगी तोंडच उघडत नाही."

त्या दिवशी दुपारी चारुशीलेनं झोपेचं सोंग घेतलं. थोड्या वेळानं कुंदा उठून मधल्या खोलीत गेली. चारुशीला दाराशी जाऊन उभी राहिली. आत अंधार होता, ओल्या शेणाचा वास होता, आणि कुंदा कोपऱ्याकडे तोंड करून मांडी घालून बसली होती.

"वावर," ती म्हणाली. थांबली. कुणी तरी चूक दाखवल्यासारखी मान हलवून पुन्हा म्हणाली, "वावर."

कोपऱ्यात काही नव्हतं. नुसती भिंत. दुसरा आवाजही नव्हता. चारुशीला परत येऊन आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. नवऱ्याला सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी घर सोडील, हे तिला ठाऊक होतं. आणि घर सोडलं तर मुलीचं बोलणं जाईल की राहील, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती गप्प राहिली. तिनं पंधरा दिवस काढले. मुलगी आता पुरी वाक्यं बोलत होती, आणि ती ऐकायला मिळत असताना चारुशीलेला आणखी काही नको होतं.

मग एका दुपारी तिनं कान दिला तर कुंदा आत चिपळूणचं बोलत होती.

"पोफळ," कुंदा सावकाश सांगत होती. "नाही... पोफळ." मग जरा थांबून, "माहेर गुहागर. म्हण. माहेर... गुहागर."

या वेळी मुलगी शिकत नव्हती. ती शिकवत होती.

चारुशीलेनं तिला हाताला धरून बाहेर आणलं. "कोण आहे आत?"

"माय."

"मग मी कोण?"

कुंदानं थोडा विचार केला. "तू बी मायच. पन आतली बोलाले शिकून राहिली."

"काय बोलायला?"

"तुह्यासारकं."

संध्याकाळी चारुशीला भागीरथाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. कुंदाला तिनं मांडीवरून खाली उतरू दिलं नाही. या घरात आधी कोण राहत होतं, तेवढंच विचारलं. भागीरथाबाईंनी आधी टाळलं. मग मुलीकडे एकदा पाहून आवाज खाली आणला.

"मनकर्णा. मुकी होती. ऐकू समदं ये, पन तोंडातून आवाज नाही. एक पोरगी होती तिले, तुमच्या हिच्याएवढी. भर दुपारी खेळत खेळत हिरीवर गेली. मनकर्णा दारातून पाहून राहिली... हाक देता आली नाही. धावली, पन तोवर... दोन उन्हाळे ते तशीच जगली. मंग ते बी वारली."

"मुकी होती, तर कुंदाला बोलायला कुणी शिकवलं?"

भागीरथाबाई उठून आत दिवा लावायला गेल्या.

त्या रात्री चारुशीलेनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. सकाळच्या मोटारीनं अमरावतीला जाऊन दुसरी जागा बघतो, संध्याकाळपर्यंत बांधाबांध करून ठेव, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेरच्या खोलीत ट्रंक भरत होती. कुंदा शेजारी बसली होती. मधल्या खोलीचं दार लावून चारुशीलेनं वर कडी घातली होती. ट्रंकेत पातळं रचायला ती वाकली, आणि परसातून हाक आली.

"कुंदा... ये गो बाय. ऊन लागेल."

तो चारुशीलेचाच आवाज होता. तेच चिपळूणचं वळण, शेवटचा शब्द किंचित वर उचलायची तीच सवय. तिनं वळून पाहिलं तर शेजारची जागा रिकामी होती, आणि कुंदा घराला वळसा घालून परसाकडे धावत निघाली होती.

चारुशीलेनं हाक मारायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा जोर केला. घसा हलला, ओठ हलले, नुसता वारा बाहेर पडला. ती अनवाणी धावली. माती तव्यासारखी तापलेली होती. कुंदा कठड्यावर चढून खाली वाकलेली होती, आणि हाक आता विहिरीतून येत होती, शांत, लाडिक. "ये गो..."

फ्रॉकचा मागचा पट्टा चारुशीलेच्या हाती लागला. दोघी कठड्याच्या अलीकडे पडल्या. तळपायांना फोड आले होते, ते नंतर महिनाभर पुरले.

आवाज मात्र परत आला नाही. अमरावतीच्या डॉक्टरांनी बॅटरी टाकून घसा पाहिला आणि काही दोष नाही म्हणून सांगितलं.

चिंतामणरावांनी बदली मागून घेतली आणि बिऱ्हाड अकोल्याला हलवलं. घर रेल्वेच्या जवळ होतं, पाणी नळाचं होतं, डाळ शिजत होती. कुंदा शाळेत जाऊ लागली. ती आता पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलायची. वऱ्हाडीचा एक शब्दही तिच्या तोंडी उरला नव्हता. चारुशीला दगडी पाटीवर लिहून सांगे आणि मुलगी मोठ्यानं वाचून दाखवी. दोघींचं असं बरं चाललं होतं. एवढ्यावर मिटलं, असं चारुशीलेनं धरून चालायला सुरुवात केली होती.

दोन वर्षांनी भागीरथाबाई भाचीच्या लग्नासाठी अकोल्याला आल्या. पत्ता शोधत भर दुपारी दारात हजर झाल्या. चारुशीलेनं त्यांना गूळपाणी दिलं. त्या पदरानं वारा घेत बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. कुंदा आत धडा वाचत होती, तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"सांगू का नको, म्हून राहिली," भागीरथाबाई शेवटी म्हणाल्या. "तुमचा आवाज येते बाई तिकडं अजून. रोज दुपारी, हिरीपासून. आमी समद्यांनी ऐकला. पन तुमच्या कुंदाचं नाव नाही घेत आता. मनकर्णाच्या पोरीचं घेते."

चारुशीलेनं पाटी जवळ ओढली. *काय म्हणते?*

भागीरथाबाईंना अक्षरं येत नव्हती, पण प्रश्न कळला. त्यांनी चारुशीलेचीच लकब धरून, अगदी हलक्या आवाजात म्हणून दाखवलं.

"सुभद्रा... ये गो बाय. ऊन लागेल."

आतलं वाचन थांबलं.

"आली व माय," आतून कुंदा म्हणाली.

पुस्तक मिटल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली, दोघींकडे न पाहता त्यांच्या मधून गेली, आणि दाराची कडी काढू लागली.