समोरची खिडकी

इटलीतल्या ओर्व्हिएतोला सहलीची बस पोचली आणि सगळी मंडळी मोठं चर्च बघायला निघाली. एर्सिलिया मात्र तडक जुन्या विहिरीकडे वळली.

"वहिनी, आधी देवाला तरी तोंड दाखव! विहीर काय पळून जातेय?" नणंद इवाना म्हणाली.

"तुला यायचं तर ये. मी त्यासाठीच आलेय."

विहीर कसली, पाताळच ते! आत एकमेकांभोवती फिरणारे दोन जिने, एक उतरायचा आणि एक चढायचा. तळाशी पाण्यावर छोटा पूल. मधल्या पोकळीच्या खिडक्यांतून समोरच्या जिन्यावरचा माणूस दिसतो, पण वाटेत गाठ म्हणून पडत नाही. लग्नानंतर नवऱ्याने, नाझारेनोने, तिला इथंच आणलं होतं. तो पुढे पळायचा आणि समोरच्या खिडकीतून ओरडायचा, "एर्सिलिया! अगं ए गोगलगाय!"

सुतार माणूस तो. उजव्या हाताचं मधलं बोट करवतीने मुळापासून नेलेलं. गेल्या हिवाळ्यात तो गेला तेव्हा सारखा तिला हाका मारत होता म्हणे, आणि ही दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर कॉफी पीत बसलेली. ते शल्य तिला जगू देत नव्हतं. एकदाच त्याचा चेहरा दिसावा, एकदाच त्याला ओ देता यावी, एवढंच तिचं मागणं होतं.

इवाना भराभर उतरून गेली. एर्सिलिया भिंत धरून एकेक पायरी उतरू लागली. वरचा उजेड विटत गेला. भिंती पाझरत होत्या, ओल्या दगडाचा वास येत होता… आणि मध्येच लाकडाच्या ताज्या भुशाचा. नाझारेनोच्या कपड्यांना यायचा तोच. प्रत्येक खिडकीशी थांबून ती समोर डोळे फाडून बघायची. परकी माणसं चढत होती. तो नव्हता.

खाली अर्ध्यावर समोर इवाना दिसली. हात हलवत हसली आणि एकदम गप्प झाली. हात तसाच वर राहिला. दमली असेल, एर्सिलियाला वाटलं.

रिकाम्या मनाने ती पूल ओलांडून वर आली. दाराशी इवाना पांढरीफटक उभी होती.

"वहिनी… तू एकदाही मागे का नाही बघितलंस?"

"मागे? मागे कोण होतं?"

"दादा… तुझ्या पाठीवर हात ठेवून उतरत होता. सारखा तुला हाका मारत होता गं."

एर्सिलियाने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "दिसत कसा होता? सांग ना! रागावला होता का?"

"नाही गं… थकला होता."

एर्सिलिया तशीच पुन्हा विहिरीत उतरायला धावली. इवानाने तिला मागून धरलं, आणि इवानाचा हात ओला झाला. एर्सिलियाच्या स्वेटरवर, पाठीच्या मधोमध, ओला पंजा उमटला होता. मधलं बोट नव्हतं.

या गोष्टीला आता महिना झाला. शेगडीजवळ टांगला तरी तो स्वेटर वाळत नाही. एर्सिलिया तोच अंगात घालते, घरभर "ओ, आले!" म्हणत मागे वळून बघते. मागे कोणी नसतं. पंजा मात्र ओलाच आहे, आणि कालपासून तो खांद्यावर आलाय.