पंख्याची दोरी

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण हे घडलंय, आणि तेही भरदुपारी.

साल १९५४, मे महिना. वाशीम भागातली इंग्रजांच्या काळची एक कचेरी. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. दगडी कमानी, उंच छत, मधोमध साहेबाचा हॉल.

तिथला चपराशी जानराव नुकताच निवृत्त झाला होता. त्याच जागेवर त्याचा मुलगा जगदेव लागला. सगळं घर खूश. जानरावाला मात्र पोरानं तिथं लागायला नको होतं.

कारण रूपला.

त्याच्या सव्वीस वर्षं आधी रूपला त्या हॉलचा पंखा ओढायचा. छताला कापडी पंखा, भिंतीच्या भोकातून दोरी बाहेर व्हरांड्यात, आणि दोरीचं टोक रूपलाच्या पायाच्या अंगठ्याला. आडवं पडून दिवसभर पाय हलवायचा. एका दुपारी बिचाऱ्याचा डोळा लागला. साहेब बाहेर आला आणि पोटात लाथ घातली. रूपला तिथंच गेला.

बघणारा एकटा जानराव. चौकशीत तो म्हणाला, "ताप व्हता त्याले. माह्या पोराची आन."

दोन वर्षांच्या जगदेवाची शपथ घेतली या माणसानं. नोकरी टिकली.

तर १९५४ च्या त्या मे महिन्यात एका दुपारी जानराव पोराची भाकर घेऊन कचेरीत आला. जेवणाची सुट्टी. चिटपाखरू नाही.

कर्र... कर्र...

पंखा तर कधीच काढला होता. दोरीही नव्हती.

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. हॉलमध्ये मात्र कागद फडफडत होते.

जानराव व्हरांड्यात वळला...

जगदेव आडवा पडला होता. नेमका त्याच जागी. डोळे मिटलेले. उजवा पाय पुढं... मागं... पुढं... मागं...

अंगठ्याभोवती दोरीचा लाल वळ.

जानरावाच्या हातून भाकर पडली.

"रूपला, सोड त्याले. साहेबानं लाथ मारली व्हती. म्या खोटी आन घेतली."

पाय थांबला.

जगदेवानं डोळे उघडले. आवाज त्याचा नव्हता...

"साहेब त्याच्या मुलखात जाऊन सुखानं मेला. आता कोनाले सांगून राह्यला, जानराव?"

पाय पुन्हा सुरू झाला.

पुढं जानराव बाजारात, पारावर, दिसेल त्याला खरं सांगत सुटला. लोक ऐकून घ्यायचे आणि आपल्या वाटेनं जायचे. जगदेव जगला. पण दुपारचे बारा वाजले की त्याचा पाय हलायला लागायचा, तो चारपर्यंत. त्याची आई प्रयागबाई तो पाय बाजेला बांधून ठेवायची. मग बाज करकरायची.

कचेरी अजून उभी आहे. मे महिन्यातही तो हॉल गार असतो म्हणे, पंख्याशिवाय.

खात्री करायला मी काही जाणार नाही.