एकशे बारावं पान

स्मरणसभा संध्याकाळी पाचला होती, पण खुर्च्या सकाळपासूनच कमी पडत होत्या. वाङ्मय शिकवणाऱ्या माणसासाठी एवढी गर्दी होईल असं शिपायाला वाटलं नव्हतं. विभागप्रमुखांना मात्र माहीत होतं. सरांनी त्या एकाच दालनात छत्तीस वर्षं शिकवलं होतं. तिथल्या भिंतींनाही एव्हाना कविता पाठ झाल्या असतील, असं ग्रंथपालबाई म्हणायच्या.

विभागप्रमुखांचं कागदोपत्री नाव काही का असेना, सरांनी पहिल्याच वर्षी त्यांचा ‘घाईराव’ करून टाकला होता. प्रश्न वाचून व्हायच्या आत हे उत्तर लिहायला बसत, म्हणून. सरांची तपासण्याची रीतच न्यारी होती. उत्तराच्या शेवटच्या ओळीखाली ते हिरव्या पेन्सिलीनं एक प्रश्न लिहायचे. समोर येऊन त्याचं खरं उत्तर दिल्याशिवाय गुण वहीत चढत नसत. कुणी पोपटपंची सुरू केली की पेन्सिल बाकावर वाजायची. टक, टक. दोनदाच. म्हणजे, थांब बाळा, हे तुझं नाही.

सकाळी काकूंचा, सरांच्या पत्नीचा, फोन आला.

“घाईराव, भाषणबिषण नको हं. तू आपलं ते पान वाच. एकशे बारावं.”

“कुठलं, काकू?”

“असं काय करतोस? तुला आवडलेलं!”

घाईरावांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

तीन वर्षांपूर्वी सरांनी आपलं हस्तलिखित त्यांच्याकडे धाडलं होतं. अंगाईगीतांवरचं पुस्तक. जन्मभर आयाबायांच्या उंबऱ्यात बसून वेचलेलं, एकटाकी अक्षरात लिहिलेलं, एकुलती एक प्रत. ‘सवडीनं वाच,’ एवढाच निरोप. सवड कुठली? बैठका होत्या, अहवाल होते, बढतीचे अर्ज होते. गठ्ठा टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात गेला. आठ महिन्यांनी सरांनी बिचकत बिचकत फोन केला, तेव्हा घाईराव घाईनंच म्हणाले, “वाचलं की, सर! अप्रतिम. एकशे बाराव्या पानाशी तर मी थांबलोच.”

जिभेवर आला तो आकडा त्यांनी ठोकून दिला होता. नुसतं ‘छान’ म्हटलं असतं तर सरांनी ओळखलं असतं ना!

पलीकडे ‘एकशे बारा’ असं पुटपुटणं ऐकू आलं. मग सर म्हणाले, “हो का? बरं झालं सांगितलंस.”

आता त्यांनी तो खण ओढला. गठ्ठ्यावर धुळीची साय धरली होती. दोऱ्याला सरांची दुहेरी गाठ. ती सोडवताना नखं दुखून आली. त्यांनी पानं मोजली. एकशे अकरा. थुंकी लावून पुन्हा मोजली. एकशे अकराच. शेवटचं वाक्य होतं, ‘इथे आई थांबते, कारण मूल झोपलेलं असतं.’ त्याखाली तारीख आणि सही. पुस्तक संपलं होतं.

गठ्ठा तसाच मोकळा पिशवीत कोंबून ते दुपारी काकूंकडे गेले. सांगून टाकायचं, पायांवर डोकं ठेवायचं, असं त्यांनी वाटेत चारदा घोकलं.

सरांच्या खोलीत टेबलाचे, कपाटाचे, अगदी शिलाई यंत्राचेही खण वीतभर ओढलेले होते.

“आवराआवर चाललीय का, काकू?”

“मी कुठली ओढतेय!” काकू एकेक खण तळहातानं आत लोटू लागल्या. “तुझ्याशी फोनवर बोलले ना, तेव्हा ह्यांनी पान आठवून पाहिलं. आठवेना. कच्च्या वह्या काढल्या, त्यातही नाही. मी म्हटलं, अहो, नसेलच. तर म्हणे, घाईरावनं वाचलंय म्हणजे आहेच. मीच विसरलो. तुझ्याकडचा गठ्ठा मागवा म्हटलं, तर नको म्हणाले, मी विसरलो हे त्याला कळेल. मग रोज उजाडलं की शोध सुरू. गाद्या उसवल्या, पिठाचा डबा उपसला. डॉक्टर म्हणाले, विसरायला लागलेत. ह्यांनाही ते पटलं. लिहिणंच सोडलं बघ. ज्याला आपलं लिहिलेलं आठवत नाही त्यानं हातात लेखणी धरू नये, म्हणायचे.”

घाईरावांनी पिशवी पायाशी सरकवली.

“आता जाऊन सव्वा महिना झाला,” काकू म्हणाल्या. दूध उतू गेल्याचं सांगावं तसा त्यांचा आवाज होता. “पण सकाळी उठावं तर खण असेच. वीतभर. मी आपली लावून घेते.”

काकू, ते पान नव्हतंच. चारच शब्द. तेवढेच सांगायचे होते.

सभेतच सांगू, सगळ्यांसमोर, असं ठरवून ते उठले.

दालन गच्च भरलं होतं. माणसं भिंतीला टेकून उभी होती. तरी तिसऱ्या ओळीतली, खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तिथं बसावं असं कुणाच्या मनात आलेलं दिसत नव्हतं. पहिल्या ओळीत काकू पदर सावरून बसल्या होत्या.

घाईरावांनी पिशवीतून गठ्ठा काढला.

दोऱ्याला दुहेरी गाठ होती.

दुपारी त्यांनी दोरा गुंडाळलासुद्धा नव्हता. “मला एक सांगायचंय,” असं म्हणत त्यांनी गाठ ओढली. ती एका झटक्यात सुटली. बोटं शेवटच्या पानावर गेली. कोपऱ्यात आकडा होता. एकशे बारा.

अक्षर सरांचं.

त्यांना हायसं वाटलं. आता कबुलीची गरजच काय? पुढे जेव्हा जेव्हा ही सभा त्यांना आठवली, तेव्हा सगळ्यात जास्त लाज त्यांना त्या हायसं वाटण्याची वाटली.

ते वाचू लागले. “मूल झोपतं, तरी आई गात राहते. शब्द गळतात, सूर विरतो, मांडी मात्र हलत असते. काही मुलं झोपल्याचं सोंग घेतात. आईला ते कळतं...”

टक. टक.

ग्रंथपालबाईंनी चमकून खिडकीकडे पाहिलं. खुर्ची रिकामीच होती.

टकटक घाईरावांनीही ऐकली. पण ते थांबले नाहीत.

“...आईला ते कळतं. तरी ती गाणं तोडत नाही. सोंग घेतलेल्या लेकरासाठीही ती तितक्याच मायेनं गाते, आणि वाट पाहते.”

पान संपलं. माणसं डोळे पुसत होती.

शेवटच्या ओळीखाली हिरव्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: कधी वाचलंस?

“खाली काय आहे रे?” काकूंनी विचारलं. “ह्यांचा प्रश्न असेल बघ. सांग की.”

सगळे पाहत होते.

“काही नाही, काकू,” घाईराव म्हणाले. “कोरंच आहे.”

या वेळी पेन्सिल वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाईराव अंथरुणात असतानाच फोन खणखणला. काकू हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं.

“घाईराव, आज सगळे खण बंद! एकही उघडा नाही रे. सापडलं ह्यांना. तुझ्यामुळे सापडलं. मोकळे झाले बघ.”

ते फोन कानाला धरूनच उठून बसले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बायकोचा आवाज आला.

“अहो, काय हरवलंय तुमचं? घरातले सगळे खण ओढून ठेवलेत ते!”