रस्त्याबद्दल खोटं

"हा बेत तू उन्हाळ्यात आखलास ना?"

टायरवाल्याकडे आम्ही पंधरा-वीस जण थंडीचे टायर बसवून घ्यायला ताटकळलो होतो. नोव्हेंबरात कॅनडातलं आमचं अख्खं थंडर बे गाव तिथंच असतं. मी मांडीवर नकाशा पसरला होता आणि शेजारचा माणूस खुशाल त्यात डोकावत होता! एका हातात गुलाबी आयसिंगचा पाव, वर हा आगाऊपणा.

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही. पण जानेवारीची तारीख घालून दिवसाला हजार किलोमीटर लिहिलेस. जानेवारीत किलोमीटर नाही मोजायचे, उजेड मोजायचा. साडेआठला उजाडतं, साडेपाचला कारभार आटोपला."

"आपण कोण म्हणायचे?"

"डारियो. हायवेवर बर्फ लोटायचा नांगर चालवतो." मग पाव पुढं करत, "अर्धा पाव घेतेस?"

घेतला. मेला पाव गोडच होता... आणि डोळे त्याहून.

मी किर्स्ती, गुराढोरांची डॉक्टर. दोन वर्षं अर्ज करकरून मला कॅमलूप्सच्या दवाखान्यात जागा मिळाली होती. सव्वीसशे किलोमीटर पश्चिमेला, डोंगरांपलीकडे. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर यादीतली पुढची मुलगी तयारच होती.

डिसेंबरभर डारियो दर शनिवारी माझ्या घरी यायचा. बेत आखायला म्हणे! वाळूची पोती किती, फावडं कुठं ठेवायचं, मुक्काम कुठं करायचा — आम्ही एकाच टेबलावर एकाच पेन्सिलीनं लिहायचो.

"टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही," तो बजावायचा. "आणि पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती ठेव. कुठं अडकलीस तर तेवढ्यानंही ऊब राहते."

"तू शेजारी असलास तर मेणबत्ती कशाला लागेल?"

बोलून गेले आणि माझेच कान तापले. त्याची पेन्सिल टेबलाखाली गेली. ती शोधायला त्याला बराच वेळ लागला.

जानेवारी उजाडला तसं माझं चित्त थाऱ्यावर राहीना. खोकी भरायची, पुन्हा उघडायची, पुन्हा भरायची. जायची घाई होती, आणि जाववत नव्हतं. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी निघायचं ठरलं होतं. सात दिवस हाताशी, म्हणजे निवांत.

सोमवारी सकाळी त्याचा फोन. "आज नको, किर्स्ती. इग्नेसच्या पुढं बर्फ गोठून रस्त्याची नुसती काच झालीय."

मंगळवारी पुन्हा. "अजून... अजून एक दिवस थांब."

थांबले. रस्त्यांची हालत दाखवणारा सरकारी नकाशा कोण बघतं? नांगरवाल्याचा शब्द म्हणजे शब्द. आमच्याकडे माणूस वयाबद्दल खोटं बोलेल, पकडलेल्या माशाबद्दल तर बोलतोच बोलतो, पण रस्त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्यानं माणसं मरतात.

मंगळवारी दुपारी माझी टायमी मावशी मला निरोप द्यायला केनोराहून आली. त्याच रस्त्यानं, एकटी, एकाहत्तराव्या वर्षी.

"मावशी! त्या काचेवरून आलीस?"

"कसली काच? कोरडा ठणठणीत रस्ता आहे! कालही तसाच होता, केनोरात सगळे म्हणत होते. वाटेत मी दोनदा कॉफी प्यायले."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. आणि खरं सांगते, त्या तिडिकीखाली कुठंतरी गुदगुल्याही झाल्या, त्याचाच जास्त राग आला.

बुधवारी उजाडताच तो स्वतःच दारात उभा. नांगर रस्त्यावर, निळा दिवा फिरतोय.

"रस्ता साफ होता," मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. "दोन्ही दिवस."

"ठाऊक आहे मला! लाज नाही वाटली? नांगरवाला ना तू?"

"वाटली. एकदा वाटलं अजून एक दिवस... मग अजून एक..." तो हातातली टोपी पिळत होता. "आता निघ. दहा मिनिटांत निघ, किर्स्ती. आज रात्री वादळ येतंय. तीन-चार दिवस तरी रस्ता बंद राहणार. या खेपेला खरंच."

बाहेर आभाळ निळंशार, ढगाचा ठिपका नाही.

"आणि मी विश्वास ठेवायचा?"

"नको ठेवूस. पण निघ."

गप्प बसला असता तरी भागलं असतं त्याचं. चार दिवस मी इथंच अडकले असते, नोकरी गेली असती, मी आयती राहिले असते. थांब म्हणायला माणूस खोटं बोलतो. जा म्हणायला कोण बोलेल?

मी फोनमध्ये हवामानसुद्धा पाहिलं नाही. मावशीनं खोकी गाडीत कोंबली, माझ्या गळ्यात मफलर अडकवला आणि डारियोकडे असं काही पाहिलं की तो बिचारा दोन पावलं मागं सरला.

वादळाआधी, बर्फ धरू नये म्हणून, त्याला शबाक्वा फाट्यापर्यंत रस्त्यावर मीठ टाकत जायचंच होतं. तासभर तो पुढं, मी मागं. इतकी सावकाश गाडी मी जन्मात चालवली नव्हती, आणि एकदाही चिडले नाही.

फाट्यावर तो उतरून माझ्या खिडकीशी आला. "इथून पुढं माझा रस्ता नाही."

"राहा म्हणायचं होतं तर तसं म्हणायचंस."

"म्हटलं असतं, तर तू राहिली असतीस?"

"नसते राहिले."

"म्हणूनच नाही म्हटलं." तो कसंनुसं हसला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे आधी सांगायचं होतं. काचेचं सांगून बसलो."

मी त्याच्या जाकिटाची कॉलर धरून त्याला खिडकीत ओढला. त्याचं नाक बर्फासारखं गार होतं, ओठ मात्र नव्हते.

"एप्रिलमध्ये बर्फ संपला की काय करतोस?" मी विचारलं.

"खड्डे बुजवतो."

"आणि मे महिन्यात?"

मागं कुणीतरी हॉर्न वाजवला.

"मे महिन्यात... येतो."

इग्नेसपर्यंत मी रडत होते, पण गाडी थांबवली नाही. केनोरा मागं टाकून रात्री विनिपेगला मुक्काम केला. सकाळी उठले तेव्हा रेडिओवर सांगत होते — केनोरापासून थंडर बेपर्यंत रस्ता बंद, कधी उघडेल सांगता येत नाही. त्या बर्फात तो होता, आणि मी बाहेर होते. मी खोलीचं भाडं चुकतं केलं, टाकी भरली आणि उजेड असेतो पश्चिमेकडे गाडी हाकत राहिले.