पोटोबांची कंबर सव्वीस

"माझ्या मापांच्या प्रोग्रॅमला हात लावलाय कुणीतरी. कुणी, ते सांगायला नको," धाकटी सून कापडाच्या गठ्ठ्याआड पुटपुटली.

हेरबाई नुकत्याच शिवणाच्या दुकानात शिरल्या होत्या. मागून धापा टाकत त्यांचे मेहुणे, पोटोबा.

मालकीण सासूबाईंनी रेशमी झगा उचलला. "मी धाकटीला म्हटलं, गायिकेचा झगा काप. तिच्या अंगात अर्धासुद्धा शिरत नाही! थोरलीने माप बदललं असेल, तर आजपासून तिने दुकानात पाऊल ठेवायचं नाही."

थोरलीने कात्री खाली ठेवली. "माप मी घेतलं, आकडे हिला सांगितले, 'कोकिळा' म्हणून लॅपटॉपमध्ये घाल म्हटलं. आमची गिऱ्हाईकं टोपणनावानंच चालतात. त्या यंत्राला मी शिवतही नाही. पूर्वी नाव सापडलं नाही की लाल अक्षरं ओकून बंद पडायचं, तेव्हा हसले तेवढी."

"सगळ्यांसमोर हसलात!" धाकटी फणकारली.

"माप कसं शोधलंस?" हेरबाईंनी विचारलं.

"याला डिक्शनरी म्हणतात. नाव ही किल्ली. किल्ली दिली की तिचं माप बाहेर. 'गायिका' लिहिलं, आकडे आले, कापलं. बाईंना मी पाहिलंही नव्हतं."

"आता 'पोटोबा' लिही."

"यांचं कशाला?" धाकटी लॅपटॉप मिटू लागली. हेरबाईंनी मध्ये हात घालून स्वतःच टाइप केलं.

छाती बत्तीस, कंबर सव्वीस.

"सव्वीस!" पोटोबा हरखले. "बायकोला दाखवतो."

हेरबाईंनी 'कोकिळा' लिहिलं. छाती चाळीस, कंबर छत्तीस.

"माप कुणी बदललेलं नाही. ते 'कोकिळा' या किल्लीपाशी सुखरूप आहे. 'गायिका' नावाची किल्लीच इथे नाही. प्रोग्रॅम बंद पडायला हवा होता. पण आता तो अनोळखी नावाला एकच ठरलेलं माप देतो. ही सोय यंत्राला न शिवणारीची नव्हे. जिचं हसं झालं, तिची." त्यांनी टेप धाकटीच्या कमरेला लावली. "सव्वीस. हाताशी स्वतःचंच माप होतं."

"म्हणजे नुसती चूक?" पोटोबांनी डोकं खाजवलं.

"कापताना चूक. पण तुमचं नाव लिहू देईना, म्हणजे काय झालं ते हिला कळलं होतं. आळ जाणूनबुजून."

सासूबाई धाकटीकडे वळल्या. थोरलीच हळूच म्हणाली, "जाऊ द्या, आई. झगा मी नवा शिवते."

"बघा, पुन्हा तुम्हीच चांगल्या!" धाकटीला रडू फुटलं. "येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारतो, थोरल्या कुठायत? हेवा वाटतो मला तुमचा, ताई. या घरात आले त्या दिवसापासून."