उलट्या वेढ्यांची टोपली

शनिवारी सकाळी फोनवर टोपलीचा फोटो आला आणि नामुतेबी मॅडमच्या हातातला चहा तसाच निवत गेला.

साथीमुळे मसाका गावातल्या शाळेला कुलूप लागल्यापासून त्या सातवीच्या मुलांना फोनवरूनच हस्तकला शिकवत. मुलं घरी सापडेल त्यातून काहीबाही बनवून फोटो पाठवत. केळीच्या सोपटाची टोपली विणावी तर नाब्बोसानंच. आजचीही सुबक होती. पण वेढे उलटे फिरत होते.

नाब्बोसा डावखुरी. तिचे वेढे वर्गातल्या इतरांपेक्षा विरुद्ध बाजूला वळायचे. हे सगळ्यांसारखे वळले होते.

फोटोच उलटा आला असेल? मॅडमनी तो मोठा करून पाहिला. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली अक्षरं सरळ होती.

त्यांनी जुने फोटो काढले. ईस्टरपर्यंतच्या टोपल्या डाव्या हाताच्या. नंतरच्या सगळ्या उजव्या.

प्रत्येकीखाली त्यांनी स्वतःच 'छान' लिहिलं होतं. नवरा गेल्यापासून त्या असंच लिहीत होत्या. डोळे बघायचे, आत काही पोचायचं नाही.

मास्क बांधून त्या चालत नाब्बोसाच्या घरी गेल्या. आई नसलेल्या त्या पोरीला तिची आत्या, नाक्यांझी, सांभाळत होती. ती दारातच बसली होती.

"नाब्बोसा कुठाय?"

"पाण्याला गेलीय, मॅडम. बसा ना."

"कशात आणणार पाणी? कॅन तर दोन्ही इथंच आहेत."

"शेजारणीचा नेलाय," आत्या चटकन म्हणाली. "उशीर होईल हो तिला. तुम्ही कशाला खोळंबता?"

"मला घाई नाही. तिचे बाबा काय म्हणतात?"

"लुबेगा? ट्रक घेऊन सरहद्दीवर अडकलाय. लेकीच्या टोपल्यांचे फोटो बघतो आणि खूश होतो बिचारा."

मॅडमनी पिशवीतून अर्धवट टोपली काढली. "ही कड मला काही केल्या बसत नाही. तुम्हाला येतं?"

"येतं म्हणजे? पोरीला शिकवलं कुणी?" आत्यानं टोपली ओढून घेतली. उजव्या हातानं दाभण सरसर चालू लागलं. चार टाके झाले, तशी मॅडमची नजर पाहून ती थांबली.

"फोटोतल्या टोपल्याही तुम्हीच विणल्यात," मॅडम सपाट आवाजात म्हणाल्या. "नाब्बोसा डावखुरी आहे. ईस्टरनंतरच्या एकाही टोपलीला तिचा हात लागलेला नाही. ती नुसती आजारी असती तर तुम्ही सांगितलं असतं. ती इथं नाही, आणि हे मला कळू नये, तिच्या बापालाही कळू नये, म्हणून दर शनिवारी फोटो जात होता. कुठाय ती?"

आत्यानं टोपली मांडीवरून खाली ठेवली.

"कंपालाला. एका बाईचं बाळ सांभाळते."

"तेरा वर्षांची पोर?"

"मी काय तिला विकली नाही! बाजार बंद. माझ्या टोपल्या कोण घेतंय? तिथं दोन वेळा पोटभर मिळतं तिला."

"मग भावाला का नाही सांगितलंत?"

आत्यानं टोपली पायानं बाजूला सारली.

मॅडमनी तिथूनच लुबेगाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. "मालाच्या गाड्या सोडतायत," तो म्हणाला. "माझा नंबर लागलाय. थेट कंपालाच गाठतो. पत्ता घ्या तिच्याकडून."

राग यायला हवा होता. मॅडमनी वाट पाहिली. आला नाही.

"आता तिला लावा," त्या आत्याला म्हणाल्या.

आत्यानं नंबर लावून फोन पुढे केला. पलीकडून दबका आवाज आला, "हळू बोल ना आत्या, बाळ आत्ताच झोपलंय."

मॅडम उंबऱ्यावर खाली बसल्या. मास्क ओला झाल्याचं त्यांना मागाहून कळलं.

"नाब्बोसा, मी मॅडम बोलतेय. तुझे कपडे बांधून ठेव. बाबा न्यायला येतायत."