काट्याचा कौल

माणसं उगाच रात्रीला घाबरतात. भीती बघायची असेल तर कोलशेतच्या मिठागरात चैत्रातल्या भर दुपारी बाराला यावं. चहूकडे पांढरं मीठ, वर पांढरं ऊन, वारा पडलेला, आणि आपली सावली आपल्याच पायाखाली गडप. अशा वेळी मागून कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, ही गावाची रीत.

आणि नेमकी अशाच वेळी शकूला मागून हाक आली.

"ए पोरी... पंपाकडे कुठनं जायचं?"

शकू बांधाच्या तोंडाशी होती, चेडोबापाशी. चेडोबा म्हणजे गावाची वेस राखणारा शेंदूर फासलेला दगड. शनिवार होता, दगडावर तेलाची धार चालली होती. तिनं हातातली पळी तशीच दगडावर धरून ठेवली.

"बहिरी आहेस का?"

"तुमी मानूस हाव का आनखी कोन, ते अगोदर सांगा," शकू न वळता म्हणाली.

"पाय सरळ आहेत माझे. बघ हवं तर."

तिनं हळूच मागं नजर टाकली. पाय सरळ होते, धुळीनं माखलेले. पण नजर काही पायांवर थांबली नाही. गुडघ्यावरून वर, तेलकट सदऱ्यावरून वर... आणि मग थेट हसऱ्या डोळ्यांवर जाऊन आपटली. झालं! तरुण पोरीची नजर, तिला लगाम कोण घालणार?

तो होता कळव्याचा काळुराम. लढाईच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत फिटर होता. लढाई संपल्यावर तिथल्या मोडीतली एक जुनी फटफटी त्यानं स्वस्तात उचलली होती. आता मिठागरांचे पंप दुरुस्त करत फिरायचा. वाट नवखी, बांध अरुंद, म्हणून त्या दिवशी गाडी बंद करून ढकलत आणली होती.

"देवाला पाजून उरलं तर माझ्या गाडीलाही घाल की थोडं," जाता जाता तो म्हणाला. "बिचारी कायम तहानलेली."

तो मस्करी करून मोकळा झाला. शकू मात्र... तिथंच अडकली.

त्या दिवसापासून तो दर मंगळवारी आणि शनिवारी यायला लागला. पंपाला एवढं काय दुखत होतं, ते पंपच जाणे! शकू तांब्यातून पाणी ओतायची, तो ओंजळीनं प्यायचा. पाणी संपायचं, तरी ओंजळ तशीच तोंडापाशी आणि डोळे ओंजळीच्या वर...

"आनखी पायजे का पानी?"

"पाणी नको," तो म्हणायचा, आणि नुसताच हसायचा.

पण शकूच्या आत्यानं, आवडाबाईनं, पहिल्याच आठवड्यात पोरीच्या काळजात खडा टाकला होता. "ती फटफटी बाधलेली हाय गो! तिच्यावरचा गोरा सोजीर कल्यानला भर रस्त्यात मेला. चालता चालता यंत्र आवळून जाम झालं न् त्याला फेकलान. तो सोडतो व्हय गाडी?"

शकूचा जीव उडाला. मग तिनं काय करावं? काळुराम पंपाच्या खोलीत शिरला की ती सीटखालच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडायची आणि चेडोबाच्या दिव्यातलं तेल त्यात एक पळी ओतायची. वातीच्या धाग्यांसकट, शेंदरासकट. गाळून घ्यावं हे तिच्या मनातही आलं नाही. देवाचं कुणी गाळतं का?

महिन्याभरात काळुरामनं हिय्या करून शकूच्या बापाला, गुणाजीला, विचारलं. गुणाजी मिठागराचा मुकादम, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं मान अर्धी हलवली. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण काळुरामला हुशारी सुचली.

"तुमचा चेडोबा भारी आहे हां, मामा," तो हसत म्हणाला. "कळव्यापासून गाडी सरळ येते, आणि त्याच्यापाशी आली की तेलाच्या दाबाचा काटा पडतो. जाताना मात्र ताठ उभा!"

फटफटीच्या पेट्रोलच्या टाकीवर रुपयाएवढं घड्याळ होतं. इंजिनात तेल जोरात फिरत असलं की त्याचा काटा उजवीकडे उभा, जोर गेला की डावीकडे आडवा.

"कनच्या बाजूला पडतो?" आवडाबाईनं विचारलं.

"डावीकडे."

आवडाबाईचा चेहरा मिठासारखा पांढरा झाला. गावात कौल लावायचे तो ह्याच दगडावर. ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. "डावा कौल!" ती म्हणाली. "देव त्याला जाऊ देतो, येऊ देत नाय. ज्याला वेस घेत नाय तो जावई कसा रं, गुणाजी?"

शहाडचं एक स्थळ आधीच सांगून आलं होतं. गुणाजीनं दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला, "येत्या शनवारी, बाराला, आमच्या डोल्यांदेखत गाडी वेशीत आन. काटा उजवा ऱ्हायला तर सुपारी फोडू. नाय तर शहाडला होकार कळवतो."

त्या मंगळवारी शकू दगडाआड उभी राहून वाट बघत होती. गाडी आली. आणि तिच्या डोळ्यांसमोर तो काटा हळूहळू... हळूहळू डावीकडे झुकला. कुणी बोटानं दाबावा तसा. शकूच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं त्या दिवशी एकाऐवजी दोन पळ्या तेल ओतलं.

शुक्रवारी काळुराम हत्यारं घेऊन पंपाच्या खोलीत बसला. बापाची भाकरी द्यायला आलेली शकू दारातच रेंगाळली.

"आलीस? हा पाना धर. पहिलं काय बघायचं, तर घड्याळच खोटं बोलत नाही ना." त्यानं पंपाच्या इंजिनाचं घड्याळ काढून फटफटीला लावलं आणि लाथ मारली. तापलेलं इंजिन धडधडलं, काटा पुन्हा डावीकडे. "म्हणजे घड्याळ खरं."

"न् तो सोजीर?"

"सोजीर नाही नि सटवाई नाही. कळव्याहून निघालं की तेल पुरतं तापायला अर्धा-पाऊण तास लागतो. तो बरोबर तुमच्या चेडोबापाशी भरतो. तेल गार असतं तेव्हा काकवीसारखं, फटीतून निसटत नाही. तापलं की पाण्यासारखं पळतं. जाताना इंजिन गार, म्हणून काटा ताठ. आता कुठल्या फटीतून पळतंय, तेवढंच शोधायचंय." त्यानं इंजिन बंद केलं. "बघ, झोपला काटा. इंजिन बंद असताना हा उभा राहूच शकत नाही. देव आला तरी नाही."

"असं बोलू नये..."

तो हसला. सीटखालचं झाकण उघडून आत डोकावला आणि थबकला. "टाकी काठोकाठ? महिनाभर मी थेंब घातला नाही!" दोन बोटांत तेल चोळून त्यानं वास घेतला. "शकू, देवळात आल्यासारखा वास येतोय गं."

शकू हातातला पाना न्याहाळायला लागली.

मग त्यानं इंजिनाच्या कडेचा एक बोल्ट सोडवला. त्यातून स्प्रिंग निघाली, मागोमाग वाटाण्याएवढी पोलादी गोळी. "तेलाचा जोर फार झाला की ही उचलते आणि जादा तेल माघारी जातं. एरवी घट्ट बसलेली हवी. हिच्या बुडाशी जरा कचरा अडकला की..." त्यानं चिमट्यानं भोकातून काहीतरी ओढलं. एक धागा. वातीचा. शेंदरानं लाल झालेला.



"यंत्राला तेल पोचलं नाही तर काय होतं माहीत आहे?" त्यानं हळू विचारलं.

"आवलतं... न् मानसाला फेकतं." शकूचे डोळे भरून वाहायला लागले. "मी घातलं. मीच! तुमीच बोललेलाव ना, गाडीला पन घाल म्हनून!"

"अगं, मी मस्करी केलेली!"

"देवासमोर मस्करी करतात?"

 काळुरामच्या चिमट्यात धागा अजून तसाच होता. मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "पण का घातलंस? मी मेलो असतो की जगलो असतो... तुला काय?"

शकूनं पाना खाली टाकला आणि ती पळत सुटली.

शनिवार उजाडला. बारा वाजले. गुणाजी आणि आवडाबाई चेडोबापाशी उभे. शकूला मिठाच्या राशीपलीकडे थांबवलेलं. लांबवर आवाज आला... फट् फट् फट्... उन्हाच्या लाटांत एक काळा ठिपका जमिनीपासून वर तरंगत येत होता. ना चाकं दिसत, ना माणूस.

आणि आवाज बंद पडला.

"थांबवलान देवानं," आवडाबाई पुटपुटली.

एखादा धागा आतच राहिला! शकूला दुसरं काही सुचलंच नाही. बापाला ओलांडून, देवाला ओलांडून ती तापल्या बांधावरून अनवाणी धावत सुटली. काळुराम वेशीबाहेर शंभरेक पावलांवर गाडीवर बसून होता.

"आवललं?"

"नाही. मी बंद केलं." मागून गुणाजी आणि आवडाबाई धापा टाकत आले, तसा तो उतरला. "मामा, काटा इथवर उजवाच होता. पण काट्याच्या हुकमावर मला बायको नको. हिला विचारा. माझ्या एका प्रश्नाचं उत्तर हिच्याकडे बाकी आहे."

शकूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तोंड उघडलं ते उघडलंच. "आत्या, याच्या गाडीत चेडोबाचं तेल मी घातलं. चोरून. म्हनून काटा पडायचा. डावा कौल देवानं नाय दिला, मी दिला. याचा जीव वाचावा म्हनून... मना हाच पायजे. शहाडवाला नको, कोनी नको!"

आवडाबाईचा हात तोंडावर गेला. 

"मग उभा काय ऱ्हायलास?" गुणाजी जावयावर खेकसला. "ढकल गाडी. वेशीत आन."

काळुरामनं हँडल धरलं, शकूनं मागून जोर लावला. चेडोबापाशी आल्यावर आवडाबाईला काही राहवेना म्हणून ती घड्याळावर वाकली, आणि किंचाळली.

"उजवा! गुणाजी, उजवा रं! ताठ उभा हाय!"

काळुरामचा हात हँडलवरून सुटता सुटता राहिला. इंजिन मुकं होतं. आणि काटा उजवीकडे उभा होता, अगदी बारीक थरथरत. शकूनंही पाहिलं. एवढ्या उन्हात तिची बोटं गार पडली. दगड तीन पावलं मागं पडला, तसा काटा सावकाश, आपण होऊन, खाली निजला.

म्हातारी आनंदानं पुढं पळाली होती सुपारी काढायला. गुणाजी तिच्यामागं.

"काळू..." शकूचा 'तुमी' कुठल्या कुठं गेला होता. "इंजिन बंद हाय ना रे?"

"बंद आहे."

"मग?"

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. फिटर माणूस, त्यानं घड्याळाच्या काचेवर दोनदा टिचकी मारली. काटा हलला नाही.

"एकट्यानं यायचं नाय ह्या वाटेनं," शकू त्याचा दंड घट्ट धरून म्हणाली. "कदी म्हनता कदी नाय."

"मग रोज मागं कोण बसणार?"

"सुपारी तर फुटू दे," ती म्हणाली, आणि दोघांनी मिळून गाडी गावाकडे ढकलली.